टाकाऊतून टिकाऊ, पण ताटात नको

गेल्या रविवारी एक वाफा मोडला. मीच बांधलेला, चार महिन्यांपूर्वी. ज्याचे फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकून मी भरपूर अंगठे मिळवले होते, तोच. आत मेथी होती, कोथिंबीर होती, मुळा नुकता धरायला लागला होता. सगळं उपटलं, माती पोत्यांत भरली आणि फळ्या भिंतीला उभ्या केल्या. बायको शांतपणे म्हणाली, "आठ शनिवार घातलेस ना रे यात?" घातले होते. म्हणून आज जरा चिडूनच लिहितोय, समजून घ्या.

झालं असं, की मामाचा मंगळवार पेठेतला जुना वाडा उतरवला. म्हणजे पाडला नाही, लाकूड विकता यावं म्हणून सुटा केला. दारं, चौकटी, माळ्याच्या फळ्या. मामा म्हणाला, "ने की फळ्या. साठ वर्षांचं सागवान हाय, वाळवी तोंड लावत न्हाई." मी टेंपो केला आणि घेऊन आलो. आठ बाय तीन फुटांचे दोन वाफे. फळ्यांवर हिरवा ऑइल पेंट होता, तो निघालेला तिथे खाली पिवळा, त्याच्याही खाली शेंदरी. मला ते फार आवडलं. 'विंटेज लुक' वगैरे! पॉलिश पेपर मारायचं मुद्दाम टाळलं. (आता वाटतं, आळशीपणानं वाचवलं. ते का, पुढे येईल.)

पाऊस सुरू झाल्यावर रंगाला फुगे आले, मग पापुद्रे सुटले आणि मातीत पडले. आमची मुलगी दोन वर्षांची आहे. माती खाणं हा तिचा फुलटाइम जॉब आहे. एका संध्याकाळी तिच्या खालच्या ओठाला नखाएवढा हिरवा पापुद्रा चिकटलेला दिसला.

त्या रात्री मी जे वाचायला बसलो, ते वाफा बांधायच्या आधी वाचायला हवं होतं.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. चुकून नाही, मुद्दाम घातलेलं. पिवळा रंग म्हणजे लेड क्रोमेट. त्यातच निळा मिसळून तो ठसठशीत दारांचा हिरवा होत असे. शेंदरी तर विचारूच नका, शेंदूर म्हणजेच शिशाचं ऑक्साईड. लोखंडी ग्रिलला मारतात तो 'रेड लेड' प्रायमर तोच. 'रेड ऑक्साईड' मात्र वेगळा. तो लोखंडाचा, गेरूचा भाऊबंद, त्याच्या वाट्याला जायचं कारण नाही. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे 2016 साली आला आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेलं कुठलंही दार, चौकट, खिडकी, पाळणा... जुन्या रंगांत हा आकडा हजारांत जाणं काही नवलाचं नव्हतं.

आणि शिसं कुजत नाही, उडून जात नाही, पावसानं धुऊन निघत नाही. मातीत पडलं की तिथेच. शिसेवालं पेट्रोल आपण 2000 साली बंद केलं, तरी जुन्या वर्दळीच्या रस्त्यांकडेच्या मातीत त्याचा अंश अजून सापडतो. लहान मुलांच्या पोटात गेलेलं शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट जास्त शोषलं जातं आणि जातं थेट मेंदूच्या वाढीवर. सुरक्षित असं प्रमाण माहीतच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

मुलीचं रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट ठीक आला. पण रिपोर्ट येईपर्यंतचे तीन दिवस मी ऑफिसात एक ओळ कोड लिहिला नाही.

आता भांडणाकडे येतो. माझं भांडण मामाशी नाही, सागवानाशी तर नाहीच. माझं भांडण आहे 'टाकाऊतून टिकाऊ' या वाक्प्रचाराशी. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आइस्क्रीमच्या काड्यांचा पेनस्टँड करायला लावला तेव्हापासून हे आपल्या डोक्यात बसलंय, की वापरून फेकलेली वस्तू पुन्हा वापरली म्हणजे पुण्य. पेनस्टँडसाठी खरंच पुण्य. पण पेनस्टँड कोणी खात नाही! टाकाऊ वस्तू एकटी येत नाही, आपलं पूर्वायुष्य घेऊन येते. ते माहीत नसताना तिच्यात पालक लावणं म्हणजे कुठून तरी उचललेली लायब्ररी न वाचता थेट प्रॉडक्शनमध्ये ढकलणं. तिथे आपण दहा रिव्ह्यू मागतो. इथे यूट्यूबवरचा एक हसरा माणूस पुरतो.

आणि गंमत म्हणजे हेच लोक (मीही त्यातलाच) 'आमच्याकडे शंभर टक्के ऑरगॅनिक हं' असं सांगत असतात. कीटकनाशक नाही, युरिया नाही, फक्त जीवामृत. काय फवारलं याचा हिशोब चोख. कशात लावलं याचा पत्ता नाही.

कोल्हापुरातल्या गच्च्या आणि परसं डोळ्यांसमोर आणा. पहिला मान टायरचा. निळे, पिवळे, गुलाबी रंगवलेले टायर, एकावर एक तीन. टायर म्हणजे नुसतं रबर नव्हे. त्यात एक-दोन टक्के झिंक ऑक्साईड असतं, काजळी असते, पेट्रोलियमची तेलं असतात. त्या तेलांतल्या कॅन्सरकारक घटकांवर युरोपनं 2010 पासून मर्यादा घातली. रबर तडकू नये म्हणून घालतात त्या एका रसायनापासून तयार होणारा पदार्थ अमेरिकेतल्या ओढ्यांमध्ये सामन मासे मारतोय, हे शास्त्रज्ञांनी 2020 च्या डिसेंबरात दाखवून दिलं. आता टायरमधल्या टोमॅटोनं माणूस मरतो असं मी म्हणत नाही, तसा पुरावाही नाही. टायरमध्ये सदाफुली लावा, शेवंती लावा. पण उन्हात तडकणाऱ्या रबरात खायची भाजी लावायची अशी काय नड पडलीय?

दुसरा मान फ्लेक्सचा. आपल्या गावात फ्लेक्सला तोटा नाही. दादांचा वाढदिवस, भाऊंची निवड, तालमीचा गणपती. कार्यक्रम संपला की तो फ्लेक्स कुणाच्या तरी वाफ्यात अस्तर म्हणून जातो. फावडं मारलं की मातीतून दादा हात जोडून वर येतात! फ्लेक्स म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडावर पीव्हीसीचा थर. कडक पीव्हीसी असं लवचीक करायला त्यात थॅलेट जातीची रसायनं घालतात. ती त्या प्लास्टिकला घट्ट बांधलेली नसतात, हळूहळू सुटतात. पीव्हीसी टिकावं म्हणून शिशाचे क्षार घालायचीही पद्धत आहे. पाण्याच्या पाइपांमधून ते काढण्यासाठी सरकारला 2021 साली वेगळे नियम करावे लागले. फ्लेक्सच्या तुकड्याला असली कुंडली कोण विचारतो?

मग पॅलेट. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतून, गोकुळ शिरगावातून स्वस्तात मिळतात, दिसायला झकास. निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. त्यात एचटी असेल तर लाकूड तापवून किडमुक्त केलेलं, एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेला. एमबी घेऊच नका. पण एचटी बघून हुरळूनही जाऊ नका, कारण शिक्का लाकूड कसं तयार केलं तेवढंच सांगतो, त्यावर नंतर कटिंग ऑइल सांडलं की ॲसिडचा कॅन गळला हे नाही सांगत. डाग, वास, चिकटपणा असेल तर सोडा. निळ्या पिंपांचंही तसंच. पिंपाचं प्लास्टिक बहुतेक वेळा चांगलं असतं, प्रश्न आधी आत काय होतं हा. लेबल खरवडलेलं पिंप मी फुकट दिलं तरी घेणार नाही.

लाकडाची एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण ती आपल्याच देशातली आहे. 1933 साली डेहराडूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या सोंती कामेशन यांनी तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं एक मिश्रण शोधलं. 'ॲस्कू' नावानं ते ओळखलं गेलं. लाकडात ते दाबानं भरलं की बुरशी नाही, वाळवी नाही. शोध इतका यशस्वी, की पुढे जगभर विजेचे खांब, कुंपणं, अंगणातले डेक याच लाकडाचे झाले. आर्सेनिक म्हणजे जुन्या रहस्यकथांमधला सोमल. लाकडात ते बऱ्यापैकी घट्ट बसतं, पण पूर्ण नाही. लगतच्या मातीत उतरतं. अमेरिकेत मुलांची खेळणी आणि घराचे डेक याच लाकडाचे आहेत यावरून ओरड झाली आणि 2003 च्या अखेरीस घरगुती वापरासाठी ते बनवणं कंपन्यांनी थांबवलं.

आपल्याला काय त्याचं? असं की, असं प्रक्रिया केलेलं लाकूड आपल्याकडे कारखान्यांच्या कूलिंग टॉवरमध्येही वापरलं गेलंय. आणि साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात जुनी यंत्रसामग्री भंगारात निघणं ही नित्याची गोष्ट. भंगारवाला "सायब, पाण्यात वीस वर्षं हुतं, कुजलं न्हाई बघा" असं सांगतो ती जाहिरात नसते, तो इशारा असतो. पाण्यात वीस वर्षं न कुजलेलं आणि किंचित हिरवट छटा असलेलं लाकूड दिसलं, की आधी विचार करा ते का कुजलं नाही. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर त्याच माळेतले. त्यांत डांबरापासून काढलेलं क्रिओसोट मुरलेलं असतं. मे महिन्यात त्यांच्याजवळ उभं राहिलं तर नाकालाच कळतं. आणि सिमेंटचे फुटके पत्रे उभे गाडून वाफा करणाऱ्यांनो, त्यात ॲस्बेस्टॉस असतं. भाजीत ते शिरणार नाही, पण तुम्ही तो पत्रा कापता, फोडता तेव्हा धूळ तुमच्याच छातीत जाते. आहे तसा राहू द्या, हात लावू नका.

फौंड्रीच्या काळ्या वाळूबद्दल मला भांडायचं होतं, पण इथे प्रामाणिक राहायला हवं. शिरोलीची, उद्यमनगरची वापरून झालेली वाळू भरावाला सर्रास जाते आणि 'निचरा चांगला होतो' म्हणून वाफ्यातही. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं 2014 साली या वाळूचा अभ्यास केला. लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम ओतणाऱ्या फौंड्रीची सिलिका वाळू मातीत मिसळायला चालेल, असं त्यांचं मत पडलं. पितळ आणि ब्राँझ ओतणाऱ्यांची त्यांनी त्यातून वगळली. म्हणजे वाळू वाईट नाही, पण ट्रॉलीतली वाळू कुठल्या फौंड्रीची हे सांगणारा कोणी असेल तरच. माझ्या ट्रॉलीवाल्यानं "एमआयडीसीची" एवढंच सांगितलं होतं.

आता आक्षेप. एका मित्राला हे सगळं ऐकवलं तर म्हणाला, "भावा, आपण रंकाळ्यात पोहून मोठं झालो, आपल्याला काय होतंय? आणि बाजारातली भाजी काय गंगाजलात पिकती व्हय?"

मुद्दा बिनतोड वाटतो, पण उलटा आहे. बाजारातली भाजी कुठल्या पाण्यावर, कुठल्या मातीत आली हे मला कळायचा मार्ग नाही. म्हणून तर मी घरी लावायला गेलो ना? पैशाच्या हिशोबात घरची मेथी कधीच परवडत नाही. माझी जुडी, टेंपो धरून, हॉटेलच्या थाळीएवढ्या किमतीला पडली. तिचा एकच फायदा, तो म्हणजे मला तिच्याबद्दल सगळं माहीत आहे. तेच नसेल तर लक्ष्मीपुरीतून आणावी, वीस मिनिटांत काम होतं.

हेही मान्य, की झाडं शिसं फारसं वर खेचत नाहीत. टोमॅटो, वांगी, भेंडी या फळांत ते नगण्य पोचतं. धोका आहे पालेभाजीच्या पानांवर उडालेल्या मातीचा, मुळा-गाजराच्या सालीला चिकटलेल्या मातीचा आणि आमच्याकडच्या सारख्या, मातीच थेट खाणाऱ्या मंडळींचा. भरपूर कंपोस्ट असलेल्या, आम्ल नसलेल्या मातीत शिसं बरंचसं बांधलं जातं. म्हणजे कोणी आज रात्री वाफा उकरायला पळू नका. आधी बघा, वाफा कशाचा आहे.

"माती तपासून घेतली की झालं" असंही सांगतात. सरकारी मृद आरोग्य पत्रिका 2015 पासून मिळते. त्यात बारा गोष्टी तपासतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, आणि जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन. शिसं त्यात नाही. आर्सेनिक नाही. पत्रिका पिकाला काय कमी आहे ते सांगते, माणसाला काय जास्त होतंय ते नाही. जड धातूंची तपासणी प्रयोगशाळेत नाव घेऊन वेगळी मागावी लागते. माझा नमुना गेलाय, अजून यायचाय.

मग वाफा करायचा कशाचा? खरं उत्तर इतकं साधं आहे की लाज वाटली. कशाचाच नाही. आपल्याकडे 'गादीवाफा' नावाची गोष्ट आहे, रोपवाटिका करणारा कुठलाही शेतकरी दरवर्षी करतो. मीटरभर रुंद, तीन मीटर लांब, वीतभर उंच मातीचा सपाट ढीग, कडा उतरत्या. भिंत नाही, फळी नाही, खिळा नाही. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी साचतं, मुळं कुजतात, त्यावर हा इलाज आहे. चौकोनी लाकडी पेटी हे आपण थंड देशांतल्या व्हिडिओंमधून उचललं. त्यांच्याकडे लाकूड मुबलक, आपल्याकडे मुबलक काय ते बघितलंच नाही.

आपल्याकडे मुबलक आहे दगड. ज्यांना कड हवीच त्यांनी जांभा घ्या. पन्हाळा, शाहूवाडी, आजऱ्याकडची पठारं त्याचीच आहेत. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साईडं, बाकी पावसानं हजारो वर्षं धुऊन नेलेलं. सिमेंट न लावता नुसता रचायचा, दोन थर पुरतात, नको वाटलं तर उचलून दुसरीकडे. भाजलेली लाल वीट तितकीच चांगली. शहाबादी फरशीचे तुटके तुकडे उभे गाडले तरी चालतं, चुनखडीचा दगड, आपल्या मातीला परका नाही. सिमेंटचा ओला गिलावा केलाच तर दोन-चार वेळा पाणी भरून सोडून द्या, मग माती भरा. जीआय पत्राही चालेल, जस्त थोडं सुटतं पण आम्ल माती नसेल तर काळजी नको. पत्रा कोरा हवा, जुना रंगवलेला नको.

आणि टाकाऊच वापरायचं असेल तर ज्याचं पूर्वायुष्य उघडं आहे ते वापरा ना! उसाचं पाचट, चिपाड. याच कोल्हापुरात राहून श्री. अ. दाभोळकर या गणिताच्या प्राध्यापकांनी 'प्रयोग परिवार' चालवला. तासगावच्या द्राक्षवाल्यांपासून घरच्या बागेवाल्यांपर्यंत सगळ्यांना ते पालापाचोळ्यातून माती कशी घडवायची हे शिकवत राहिले. त्यांच्या गावात आपण टायर रंगवतोय.

गच्चीवर तर पाचट-चिपाडच. गच्चीवर विटांचे वाफे बांधून फूटभर ओली माती भरणाऱ्यांनी एक गुणाकार करावा. ओल्या मातीचं वजन चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास जातं. वापरत्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार आहे चौरस मीटरला साधारण दीडशे किलो. शिसं राहिलं बाजूला, आधी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा विचार करा. तिथे जाड ग्रोबॅग आणि निम्म्याहून जास्त कुजवलेलं पाचट-चिपाड, उरलेलं शेणखत आणि थोडी माती. खचत जातं, वरून भरत राहायचं.

सध्या आमच्या परसात दोन गादीवाफे आहेत, वेगळ्या कोपऱ्यात. त्यांत भेंडी आणि गवार. पालेभाजी पुढच्या वर्षी.

राहिल्या त्या फळ्या. सुताराकडे रंधा मारायला दिल्या तर तो भुसा त्याच्या नाकात जाणार. पॉलिश पेपर मारला नाही ते बरं झालं म्हणालो, ते म्हणूनच. परवा मामी आल्या होत्या. "पडून हाईत त्या दे की रे, बंबाला होतील," म्हणाल्या. जाळल्या तर शिसं धुरात आणि राखेत. आणि ती राख मामी कुठे टाकणार? तोंडल्याच्या वेलाला. मी नाही म्हणालो. "चांगलं सागवान, आणि ह्याला द्यायला होत न्हाई," असं मामाला सांगितलं म्हणे त्यांनी. पालिकेच्या घंटागाडीवाल्याला विचारलं, तो लाकूड घेतो, पण पुढे ते कुठे जातं हे त्यालाही माहीत नाही. मातीची अकरा पोती आणि त्या फळ्या ताडपत्रीखाली पार्किंगमध्ये आहेत. कार रस्त्यावर.